डाव्या हाताचा अंगठा जरासा सरकवला आणि बेन होगनचा चेंडू ताळ्यावर आला

गोल्फ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? हिरवंगार मैदान, बॅटरीवर चालणारी छोटी गाडी आणि रविवारी सकाळी टोपी घालून आलेले साहेब लोक. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी गोल्फचा क्लब आयुष्यात कधी हातातही धरलेला नसतो.

क्रिकेटची बॅट मात्र सगळ्यांनी धरलेली असते. आणि गल्लीतल्या कुठल्यातरी दादाने कधी ना कधी सांगितलेलं असतं की खालचा हात जरा सैल सोड, चेंडू उगाच हवेत जातोय. हात सैल सोडला की तोच फटका जमिनीलगत जायचा. बॅट तीच, ताकद तीच, पोरगंही तेच. बदललेली असायची फक्त पकड.

आजची गोष्ट अशाच एका पकडीची आहे. एका माणसाने तिच्यासाठी आयुष्यातली कित्येक वर्षं घालवली, आणि ती सापडल्यावर तो गोल्फचा सर्वकालीन महान खेळाडू म्हणून ओळखला जाऊ लागला.

त्या माणसाचं नाव बेन होगन.

गोल्फमध्ये चार स्पर्धा सगळ्यात मोठ्या मानल्या जातात. मास्टर्स, यूएस ओपन, ब्रिटिश ओपन आणि पीजीए चॅम्पियनशिप. या चारही स्पर्धा कारकिर्दीत किमान एकदा जिंकणारे पुरुष खेळाडू आजवर फक्त ६ झालेत. २०२५ मध्ये रोरी मॅकिलरॉय सहावा ठरला. होगन त्या यादीत दुसरा, आणि त्याने हे १९५३ मध्येच करून ठेवलं होतं.

पण व्यावसायिक झाल्यावर एकट्याच्या जिवावर पहिली स्पर्धा जिंकायला याच माणसाला १० वर्षं लागली. कारण काय, तर चेंडू नको तेव्हा डावीकडे पळायचा.

लोहाराचं पोर

बेन होगनचा जन्म १३ ऑगस्ट १९१२ रोजी अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातल्या स्टीफनव्हिल गावात झाला. बालपण जवळच्याच डब्लिन गावात गेलं. वडील चेस्टर लोहार होते. पण तो काळ बदलाचा होता. रस्त्यावर मोटारी वाढत होत्या आणि लोहारकामाचे दिवस भरत आले होते. १९२१ मध्ये कुटुंब फोर्ट वर्थ शहरात आलं.

फेब्रुवारी १९२२ मध्ये चेस्टर होगन यांनी राहत्या घरात स्वतःवर गोळी झाडून घेतली. बेन तेव्हा फक्त ९ वर्षांचा होता.

घराची घडीच विस्कटली. आई क्लारा शिवणकाम करायला लागली. थोरला भाऊ रॉयल शाळा सोडून कामाला लागला. बेन रेल्वे स्टेशनवर पेपर विकायचा. अशातच त्याच्या कानावर आलं की गावाबाहेर ग्लेन गार्डन नावाचा एक क्लब आहे आणि तिथं श्रीमंतांच्या बॅगा वाहायचे बरे पैसे मिळतात. या बॅगा वाहणाऱ्या पोरांना कॅडी म्हणतात. ११ वर्षांचा बेन कॅडी झाला.

तिथली जुनी पोरं नव्या पोराला सहजासहजी आत घेत नव्हती, मारामारी करून जागा मिळवावी लागायची. बेनने ती मिळवली. याच क्लबवर त्याच्याच वयाचा आणखी एक कॅडी होता, बायरन नेल्सन. पुढे तोही जगातला नंबर एकचा खेळाडू झाला. १९२७ च्या नाताळात कॅडींची स्पर्धा झाली. त्यात या दोघांची बरोबरी झाली आणि शेवटी नेल्सन एका फटक्याने जिंकला. क्लबने नंतर कनिष्ठ सभासदत्व दिलं तेही नेल्सनलाच. होगनला खेळायला दुसरी मैदानं शोधावी लागली.

बेन अंगाने लहान होता. मोठा झाल्यावरही त्याची उंची पावणेसहा फुटांच्या आतच राहिली. धिप्पाड पोरांइतका लांब चेंडू मारायचा तर काहीतरी जुगाड हवा होता. त्याला तो सापडला क्लबच्या पकडीत. आणि त्याच्या पुढच्या सगळ्या दुखण्याचं मूळही तिथंच होतं.

चेंडूला फक्त क्लबचं तोंड कळतं

इथं थोडं गोल्फ समजून घेऊ.

गोल्फमध्ये क्लब आणि चेंडू एकमेकांना चिकटलेले असतात तो वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी असतो. चेंडू कुठं जाणार हे त्या क्षणात ठरतं. खेळाडूने किती जोरात श्वास घेतला, मनात काय आणलं, याच्याशी चेंडूला देणंघेणं नसतं. दिशेच्या बाबतीत त्याला दोनच गोष्टी कळतात. क्लबचं तोंड कुठल्या दिशेला होतं आणि क्लब कुठल्या दिशेने येत होता.

चेंडू निघतो तो साधारणपणे क्लबचं तोंड जिकडे असेल तिकडे. मग हवेत तो वळणार की नाही, हे तोंडाची दिशा आणि क्लबच्या प्रवासाची दिशा यांच्यातल्या फरकावर अवलंबून असतं. दोन्ही एका रेषेत असतील तर चेंडू सरळ जातो. उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या क्लबचं तोंड प्रवासाच्या दिशेपेक्षा डावीकडे मिटलेलं असेल, तर चेंडू डावीकडे वळतो. हे वळण फार मोठं असलं की त्याला हूक म्हणतात. तोंड उजवीकडे उघडं राहिलं की चेंडू उजवीकडे वळतो, तो स्लाइस. उजवीकडचंच हलकं, ताब्यातलं वळण असेल तर त्याला फेड म्हणतात.

आता पकड. क्लब हातात धरून खाली बघा. डावा हात दांडीवर उजवीकडे जास्त वळलेला असेल, म्हणजे हाताच्या पाठीची तीनचार हाडं तुम्हाला दिसत असतील, तर त्या पकडीला स्ट्राँग म्हणतात. हात डावीकडे सरकून अंगठा दांडीच्या बरोबर वर आला की ती वीक पकड. नावावरून गैरसमज होतो. इथं घट्ट धरणं आणि सैल धरणं याचा काही संबंध नाही. हात दांडीवर किती फिरवून ठेवलाय, एवढाच मुद्दा.

स्ट्राँग पकडीत होतं असं की क्लब वेगाने खाली येताना हात आपल्या नैसर्गिक स्थितीत परत येतात आणि येताना क्लबचं तोंड मिटवून टाकतात. तोंड मिटलं की त्याचा वर बघणारा कोनही कमी होतो. मग चेंडू खालून जातो, डावीकडे वळतो आणि जमिनीवर पडल्यावर लांबपर्यंत धावतो.

छोट्या चणीच्या बेनला नेमका हाच पळणारा चेंडू हवा होता. कॅडी पोरांच्या पैजांमध्ये तो कामालाही येत होता. पण मोठ्या मैदानावर पळणारा चेंडू कुठं थांबेल याचा नेम नसतो. डावीकडे झाडं असतात, पाणी असतं, गुडघाभर गवत असतं. स्लाइस झालेला चेंडू निदान उंच जाऊन लवकर थांबतो. हूक झालेला चेंडू संकटाकडे धावत जातो.

१० वर्षं आणि एक विजय

१९३० मध्ये १७ वर्षांचा होगन सॅन अँटोनियोला टेक्सास ओपनमध्ये व्यावसायिक म्हणून उतरला. शाळा आधीच सुटली होती. पुढे अनेकदा असं झालं की तो स्पर्धांच्या दौऱ्यावर निघायचा, पैसे संपायचे आणि परत फोर्ट वर्थला येऊन मिळेल ते काम करायचा. जागतिक मंदीचा काळ होता. बक्षिसाची रक्कम पहिल्या काही खेळाडूंनाच मिळायची आणि बाकीचे स्वतःच्या खर्चाने घरी जायचे.

१९३५ मध्ये त्याने व्हॅलेरी फॉक्सशी लग्न केलं. दोघं जुन्या गाडीतून गावोगाव फिरायचे. त्या दिवसांत हेन्री पिकार्ड नावाच्या मोठ्या खेळाडूने त्याला शब्द दिला की तुझे पैसे संपले तर मी बघून घेईन. होगनला ते पैसे प्रत्यक्षात घ्यावे लागले नाहीत. पण पाठीशी कोणीतरी आहे, हे त्याला पुरलं. याच पिकार्डने त्याला पकड थोडी वीक करायलाही सुचवलं. होगनने पुढे आपलं पहिलं पुस्तक त्यालाच अर्पण केलं.

१९३८ च्या जानेवारीत ओकलंडच्या स्पर्धेवेळी तर कहर झाला. होगन सकाळी गाडीकडे गेला तर चाकं चोरीला गेलेली. खिशात मोजके डॉलर, गाडी जागेवर उभी. लिफ्ट मागून तो मैदानावर पोहोचला, खेळला आणि त्या बक्षिसाच्या पैशांवर दौरा चालू राहिला. ते पैसे मिळाले नसते तर कदाचित बेन होगन हे नाव आज कोणालाच माहीत नसतं.

या काळात त्याने एक सवय लावून घेतली. तेव्हाचे खेळाडू स्पर्धा खेळायचे आणि घरी जायचे, तासन्‌तास सराव करायची पद्धत नव्हती. होगन मात्र सकाळी चेंडूंची पिशवी घेऊन मैदानाच्या कोपऱ्यात जायचा आणि संध्याकाळपर्यंत मारत बसायचा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि चेंडू काय करतो ते बघायचं. पाय थोडे जवळ घेतले तर काय होतं? चेंडू एक इंच मागे ठेवला तर? एखाद्या प्रयोगशाळेसारखा त्याचा सराव चालायचा.

मार्च १९४० मध्ये पाइनहर्स्टला त्याने एकट्याच्या नावावर पहिली स्पर्धा जिंकली. व्यावसायिक होऊन १० वर्षं झाली होती. बांध फुटला आणि लगेच पुढच्या दोन स्पर्धाही त्याने जिंकल्या. १९४०, १९४१ आणि १९४२ या तिन्ही वर्षी अमेरिकेत सगळ्यात जास्त बक्षिसाची रक्कम होगननेच कमावली. मग दुसऱ्या महायुद्धामुळे लष्करी नोकरी आली आणि खेळ बाजूला पडला.

पण हूक पूर्ण गेला नव्हता. दबाव आला की तो परत यायचा. गोल्फमध्ये एक चेंडू झाडीत गेला की चार दिवसांची मेहनत पाण्यात जाते.

अंगठा सरकला

१९४६ हे वर्ष होगनसाठी विचित्र गेलं. मास्टर्स आणि यूएस ओपन या दोन्ही स्पर्धांत शेवटच्या हिरवळीवर त्याने चेंडू भोकात घालायला तीन-तीन फटके घेतले आणि दोन्ही वेळा एका फटक्याने संधी गेली. हूकही सतावत होता. तो घरी गेला आणि पुन्हा पकडीपासून सुरुवात केली.

होगनने केलेले बदल ऐकायला किरकोळ वाटतात. डावा हात दांडीवर थोडा डावीकडे सरकवला, अंगठा बरोबर वर आणला. आणि क्लब मागे नेल्यावर, डोक्यावर पोहोचल्यावर डावं मनगट किंचित मागे वाकवलं. दोन्हींचा परिणाम एकच होता. क्लबचं तोंड थोडं उघडं राहायचं. आता कितीही जोरात मारलं तरी चेंडूपाशी येईपर्यंत ते पूर्ण मिटू शकत नव्हतं.

चेंडू डावीकडे पळायचा थांबला. तो उंच जायला लागला, शेवटी उजवीकडे हलका झुकायचा आणि पडल्यावर लवकर थांबायचा. होगनला आता मैदानाची डावी बाजू विसरता येत होती. तोंड मिटायची भीतीच नाही म्हटल्यावर पूर्ण ताकदीने मारायला तो मोकळा झाला.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याने पीजीए चॅम्पियनशिप जिंकली, चार मोठ्या स्पर्धांपैकी त्याची पहिली. १९४८ मध्ये १० स्पर्धा जिंकल्या. त्यात रिव्हिएराला झालेली यूएस ओपनही होती, तीही २७६ फटक्यांच्या तेव्हाच्या विक्रमासह. जानेवारी १९४९ मध्ये टाइम मासिकाने त्याला मुखपृष्ठावर छापलं.

आणि मग २ फेब्रुवारी १९४९ उजाडला.

बस समोरून आली

बेन आणि व्हॅलेरी ॲरिझोनातली स्पर्धा आटोपून आपल्या कॅडिलॅकमधून घरी निघाले होते. पश्चिम टेक्सासमधल्या व्हॅन हॉर्न गावाजवळ दाट धुकं होतं. रस्त्यावर एक अरुंद पूल. एका ट्रकला ओलांडायच्या नादात ग्रेहाउंड कंपनीची बस समोरून त्यांच्याच बाजूला आली. वळायला जागाच नव्हती.

धडक व्हायच्या क्षणी होगन स्टिअरिंग सोडून बायकोच्या अंगावर आडवा झाला, तिला वाचवायला. त्यामुळे तोही वाचला, कारण स्टिअरिंगचा दांडा ड्रायव्हरच्या सीटमध्ये घुसला होता. तो जागेवर बसला असता तर विषय तिथंच संपला असता. व्हॅलेरीला किरकोळ इजा झाली. होगनचं कमरेचं हाड दोन ठिकाणी मोडलं, गळपट्टीचं हाड मोडलं, डावा घोटा मोडला, बरगडीला मार बसला आणि डाव्या डोळ्यालाही दुखापत झाली.

पण खरा धोका नंतर आला. पायात रक्ताच्या गुठळ्या झाल्या आणि त्या फुप्फुसाकडे सरकायला लागल्या. न्यू ऑर्लिन्सहून डॉ. ऑल्टन ऑक्सनर यांना लष्करी विमानाने आणलं गेलं. त्यांनी पोटातली, पायांकडून हृदयाकडे रक्त नेणारी मुख्य नीला बांधून टाकली. जीव वाचला, पण पायातलं रक्त परत वर जायचा हमरस्ता कायमचा बंद झाला. पुढे आयुष्यभर थोडं चाललं तरी त्याचे पाय सुजायचे.

५९ दिवसांनी तो हॉस्पिटलमधून घरी आला. तो पुन्हा नीट चालेल का, हाच प्रश्न होता. गोल्फचं नाव कोण काढणार?

होगनने पुन्हा पायांपासून सुरुवात केली. आधी खोलीत फेऱ्या, मग अंगणात, मग रस्त्यावर. जानेवारी १९५० मध्ये, अपघाताला वर्षही झालं नव्हतं तेव्हा, तो लॉस एंजेलिस ओपनमध्ये उतरला. चार फेऱ्यांनंतर त्याची सॅम स्नीडशी बरोबरी झाली. निर्णायक फेरीत तो हरला, पण अमेरिका थक्क झाली होती.

जून १९५०. फिलाडेल्फियाजवळच्या मेरियन मैदानावर यूएस ओपन. तेव्हा शेवटच्या दिवशी एकाच दिवसात ३६ होल खेळायला लागायचे, म्हणजे सकाळी एक पूर्ण फेरी आणि दुपारी दुसरी. होगनने पाय घोट्यापासून मांडीपर्यंत पट्ट्यांनी करकचून बांधले होते. दुपारच्या फेरीत पाय साथ सोडायला लागले, हातातली आघाडी गेली. शेवटच्या होलवर बरोबरी साधायची तर एकही चूक परवडणार नव्हती.

२०० यार्डांहून जास्त अंतर बाकी. त्याने वन-आयर्न काढला. या क्लबचं तोंड जवळपास उभं असतं, त्यामुळे चेंडू हवेत उचलणंच अवघड. चांगले चांगले खेळाडू त्याला हात लावत नाहीत. होगनने मारलेला चेंडू हिरवळीवर जाऊन थांबला. पुढच्या दोन फटक्यांत काम झालं आणि बरोबरी मिळाली. दुसऱ्या दिवशी लॉइड मँग्रम आणि जॉर्ज फॅझिओ यांच्याविरुद्ध निर्णायक फेरीत त्याने ६९ फटके घेतले, मँग्रमने ७३ आणि फॅझिओने ७५. अपघातानंतर १६ महिन्यांनी तो पुन्हा अमेरिकेचा विजेता झाला होता.

हाय पेस्किन या छायाचित्रकाराने तो वन-आयर्नचा फटका पाठीमागून टिपला. गोल्फच्या इतिहासातला तो सगळ्यात प्रसिद्ध फोटो मानला जातो.

पायांमुळे होगन आता वर्षाला मोजक्याच स्पर्धा खेळायचा. १९५१ मध्ये त्याने मास्टर्स आणि यूएस ओपन दोन्ही जिंकल्या. त्याच वर्षी त्याच्यावर हॉलिवूडचा सिनेमाही आला. १९५३ मध्ये तो ६ स्पर्धा खेळला आणि त्यातल्या ५ जिंकला. मास्टर्स ५ फटक्यांनी, यूएस ओपन ६ फटक्यांनी. मग तो आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं ब्रिटिश ओपन खेळायला स्कॉटलंडमधल्या कार्नूस्टीला गेला.

तिथं सगळंच वेगळं होतं. समुद्राचा वारा, टणक जमीन, आणि चेंडूसुद्धा अमेरिकेपेक्षा आकाराने थोडा लहान. होगन दोन आठवडे आधी पोहोचला आणि मैदानाचा अभ्यास करत बसला. चारही फेऱ्यांत आधीच्या फेरीपेक्षा कमी फटके घेत त्याने ४ फटक्यांनी स्पर्धा जिंकली. पीजीए चॅम्पियनशिपच्या तारखा त्याच दिवसांत आल्या होत्या, त्यामुळे चौथी स्पर्धा खेळणंच शक्य नव्हतं. तो परतला तेव्हा न्यूयॉर्कच्या रस्त्यावर त्याची कागदांचा पाऊस पाडत मिरवणूक निघाली.

पाय घसरला आणि हूक परत आला

१९५५ ची यूएस ओपन सॅन फ्रान्सिस्कोच्या ऑलिम्पिक क्लबवर झाली. होगन जिंकला असता तर पाचव्यांदा ही स्पर्धा जिंकणारा पहिला खेळाडू ठरला असता. सगळ्यांनी तो जिंकला असंच धरलं होतं. पण जॅक फ्लेक नावाच्या, फारशा कोणाला माहीत नसलेल्या खेळाडूने शेवटच्या क्षणी बरोबरी साधली. गंमत म्हणजे फ्लेकच्या बॅगेतले क्लब होगनच्याच नव्या कंपनीने बनवलेले होते.

निर्णायक फेरीत शेवटच्या होलपाशी होगन फक्त एका फटक्याने मागे होता. त्याने क्लब फिरवला आणि नेमका पाय घसरला. चेंडू डावीकडे वळला आणि दाट गवतात जाऊन बसला. तिथून बाहेर यायलाच तीन फटके लागले. फ्लेक ६९, होगन ७२.

जी पकड त्याने इतक्या वर्षांत बसवली होती, तिची काही चूक नव्हती. पण गोल्फमध्ये सगळा डोलारा पायांवर उभा असतो. पाया हलला की वरचे हात आपोआप जास्त फिरतात, तोंड मिटतं आणि ज्याला कायमचं घालवलं असं वाटत होतं तो हूक दारात उभा राहतो.

एक पुस्तक आणि त्यातली मेख

१९५७ मध्ये होगनने आयुष्यभराचं शिक्षण कागदावर उतरवलं. स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड मासिकात हर्बर्ट वॉरन विंड या लेखकाच्या मदतीने पाच लेख आले, सोबत अँथनी रॅव्हिएली यांची रेखाचित्रं. त्याचंच पुस्तक झालं, फाइव्ह लेसन्स. आज जवळपास ७० वर्षांनंतरही ते छापलं जातं आणि वाचलं जातं.

त्यातल्या पाच धड्यांपैकी पहिले दोन धडे क्लब हलवायच्या आधीचे आहेत. पहिला पकडीचा, दुसरा उभं राहण्याचा.

होगनचं म्हणणं थोडक्यात असं. डाव्या हाताच्या शेवटच्या तीन बोटांनी आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांनी क्लब धरायचा. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांना जास्त जोर लावू द्यायचा नाही, कारण तीच बोटं घाई करून तोंड मिटवतात. आपल्या गल्लीतल्या दादाचा खालच्या हाताचा सल्ला आठवला ना? तोच हा मुद्दा.

पाय साधारण खांद्यांइतके लांब. उजवं पाऊल लक्ष्याच्या रेषेला काटकोनात, डावं पाऊल थोडं बाहेर वळवलेलं. उजवं पाऊल काटकोनात असलं की मागे जाताना कंबर गरजेपेक्षा जास्त फिरत नाही आणि डावं बाहेर असलं की पुढे येताना कंबर मोकळी सुटते. गुडघे किंचित वाकलेले, जणू मागच्या उंच स्टुलावर नुकतंच टेकतोय.

चेंडू डाव्या टाचेच्या रेषेत. याचं कारण असं की क्लब गोल फिरत येतो. चेंडू फार मागे ठेवला तर क्लब अजून खाली येत असतानाच त्याला भेटतो, मग चेंडू खालून आणि उजवीकडे निघतो. फार पुढे ठेवला तर क्लब वर आणि डावीकडे वळायला लागलेला असतो.

आणि दिशा. रेल्वेचे दोन रूळ डोळ्यांसमोर आणा. एका रुळावर चेंडू आणि लक्ष्य, दुसऱ्या रुळावर तुमची पावलं. बरेच जण पावलंच लक्ष्याकडे रोखतात. त्यामुळे शरीर उजवीकडे रोखलं जातं, क्लब उजवीकडे निघतो आणि तो परत आणायला हात वळवावे लागतात. मग लोक हातांना दोष देतात, चूक झालेली असते पावलांपाशी.

आता यातली मेख. होगनने लिहिलेलं औषध हे हूकच्या आजारावरचं होतं. पण बहुतेक नवशिक्या खेळाडूंना उलटा आजार असतो. त्यांचा चेंडू उजवीकडे जातो, म्हणजे त्यांच्या क्लबचं तोंड आधीच उघडं असतं. त्यांनी होगनची वीक पकड जशीच्या तशी उचलली तर तोंड आणखी उघडं राहतं आणि स्लाइस वाढतो. १९५५ मध्ये लाइफ मासिकात आपलं गुपित फोडताना होगनने स्वतःच बजावलं होतं की कच्च्या खेळाडूला याचा उपयोग नाही, उलट नुकसानच होईल. तरीही हजारो लोकांनी अंगठा सरकवला आणि चेंडू झाडीत घालवले.

होगनकडून अंगठ्याची जागा उचलण्यापेक्षा त्याची पद्धत उचलायला हवी. आधी आपला चेंडू कुठं जातोय ते नीट बघायचं. मग फटका सुरू होण्याआधीची एकच गोष्ट बदलायची. पुन्हा मारायचं. पुन्हा बघायचं.

अर्थात या पद्धतीलाही मर्यादा होत्या. उतारवयात होगनचा लांबचा खेळ शाबूत होता, पण हिरवळीवर चार फुटांवरून चेंडू भोकात ढकलताना त्याचे हात गोठायचे. त्यावर त्याला कधीच उपाय सापडला नाही. तरी १९६७ च्या मास्टर्समध्ये ५४ वर्षांच्या होगनने तिसऱ्या फेरीत ६६ फटक्यांची फेरी खेळून दाखवली.

१९७१ मध्ये त्याने स्पर्धा खेळणं थांबवलं. क्लब बनवायच्या कंपनीतही त्याचा स्वभाव तोच राहिला होता. सुरुवातीला बनलेले क्लब मनासारखे उतरले नाहीत म्हणून त्याने ते बाजारात जाऊच दिले नाहीत. २५ जुलै १९९७ रोजी, ८४ व्या वर्षी, फोर्ट वर्थमध्ये त्याचं निधन झालं. नावावर ६४ स्पर्धा होत्या, त्यात ९ सगळ्यात मोठ्या. त्या नऊपैकी सहा अपघातानंतरच्या.

मेरियनचा तो फोटो आजही सोशल मीडियावर फिरतो. त्यात फटका मारून झालेला दिसतो, हात वर गेलेले, चेंडू कधीच निघून गेलेला, समोर गर्दी श्वास रोखून उभी. पट्ट्यांत बांधलेले पाय त्यात दिसत नाहीत. दांडीवर बरोबर वर ठेवलेला अंगठाही दिसत नाही.

पुढच्या वेळी टीव्हीवर गोल्फ लागलं, तर चेंडू उडायच्या आधीचे दहा सेकंद बघा. खेळाडू हात नीट बसवतो, पावलं सरकवतो, एकदा लक्ष्याकडे बघतो. बघायला कंटाळवाणं असतं खरं, पण चेंडू कुठं जाणार हे बरंचसं तिथंच ठरलेलं असतं.